बारा अक्षरांचा पुरावा

केदारखेडा हे जालना-भोकरदन रस्त्यावरील, पूर्णेच्या खोऱ्यातले गाव. समजा, या किंवा अशाच एखाद्या गावातील तरुणाने मध्यरात्री नदीपात्रात वाळू भरणारी वाहने आपल्या मोबाईलमध्ये टिपली. दुसऱ्या दिवशी ते चित्रण गावभर फिरले, तालुक्याला पोहोचले, चार दिवस चर्चा झाली आणि विरली. पुढे प्रकरण न्यायालयात नेण्याची वेळ आली तेव्हा वकिलांनी एक छापील नमुना त्याच्यापुढे सरकवला. यंत्राची कंपनी, मॉडेल, रंग, अनुक्रमांक हे रकाने कसेबसे भरून झाले. त्यापुढच्या रकान्यात 'आयएमईआय, यूआयएन, यूआयडी, मॅक, क्लाऊड आयडी' अशी आडव्या रेघांनी तोडलेली पाच नावे होती. तरुण गप्प राहिला. वकिलांनीही फारसा आग्रह धरला नाही, कारण मॅक म्हणजे काय हे त्यांनाही धड सांगता आले नसते. रकाना कोरा राहिला.

हे चित्र कल्पित आहे. नमुना मात्र कल्पित नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ या कायद्याच्या कलम ६३ अन्वये संगणकातील वा मोबाईलमधील कोणतीही नोंद पुरावा म्हणून दाखल करावयाची असल्यास तिच्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते, आणि त्या प्रमाणपत्राचा नमुना कायद्याच्या परिशिष्टातच छापलेला आहे. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग नोंद दाखल करणाऱ्याने भरावयाचा, दुसरा तज्ज्ञाने. दोन्हींत यंत्राची ओळख द्यावयाची आणि नोंदीचे 'हॅश' मूल्य लिहावयाचे. हॅश म्हणजे त्या नोंदीवरून गणिताने काढलेला ठसा. नोंदीतील एक अक्षर जरी हलले तरी ठसा बदलतो. व्हॉट्सॲपवरून पाठविताना चित्रण दाबून लहान केले जाते आणि त्यामुळे त्याचा ठसा मूळ चित्रणाशी जुळत नाही, ही गोष्ट पुरावे 'फॉरवर्ड' करून मूळ प्रत पुसून टाकणाऱ्या उत्साही मंडळींनी विशेष ध्यानात ठेवावी.

म्हणजे यंत्राच्या पोटातला क्रमांक शोधणे हा आता हौशी तंत्रज्ञांचा छंद राहिलेला नाही. तो कायद्याच्या कागदावर आला आहे. आणि कायद्याच्या कागदावर जे जे येते ते वाचता न आल्यामुळे या देशातील गरीब माणसाने काय काय गमावले आहे, हे सातबाराच्या उताऱ्यावरून पिढ्यान्‌पिढ्या फसवल्या गेलेल्या मराठवाड्याला सांगण्याची गरज नाही.

जालना जिल्ह्याचा तर या प्रश्नाशी अधिकच जवळचा संबंध आहे. इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्राविषयी देशभरच्या न्यायालयांत जो निवाडा वारंवार उद्धृत केला जातो, तो जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणुकीतून निघाला. २०१४ च्या निवडणुकीत तेथे शिवसेनेचे अर्जुन खोतकर हे काँग्रेसचे कैलास गोरंट्याल यांच्यापेक्षा अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर २०१४ रोजी दुपारी तीन वाजता संपत होती. विजयी उमेदवाराचे अर्ज त्यानंतर स्वीकारले गेले, असा आक्षेप घेऊन पराभूत पक्ष उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेला. पुरावा होता तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयात व बाहेर बसविलेल्या कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा. चित्रणाच्या तबकड्या मिळाल्या, परंतु त्यांसोबत १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्यातील कलम ६५ ब प्रमाणे जे प्रमाणपत्र हवे, ते अधिकाऱ्यांनी दिले नाही. अर्जांमागून अर्ज झाले; उत्तर एकच.

उच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर २०१७ रोजी अधिकाऱ्यांच्या तोंडी साक्षीचा आधार घेऊन ते चित्रण ग्राह्य मानले आणि निवडणूक रद्द ठरविली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. न्या. रोहिंटन नरिमन, न्या. रवींद्र भट व न्या. व्ही. रामसुब्रमणियन यांच्या खंडपीठाने १४ जुलै २०२० रोजी निवाडा दिला. प्रमाणपत्र सक्तीचेच आहे, तोंडी साक्षीने त्याची उणीव भरून निघत नाही. मूळ यंत्रच मालकाने साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहून न्यायालयापुढे ठेवले तर गोष्ट वेगळी. आणि ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो प्रमाणपत्र देतच नसेल, व मागणाऱ्याने आपल्याकडून शक्य ते सर्व केले असेल, तर त्या सक्तीतून त्याला मोकळीक मिळेल, असा त्याचा सारांश. जालन्याच्या अर्जदाराने प्रमाणपत्रासाठी धडपड केल्याचे कागदोपत्री दिसत होते, म्हणून निवडणूक रद्द करणारा निर्णय टिकला. तोवर ती विधानसभा विसर्जित होऊन दुसरी निवडणूकही पार पडली होती, ही न्यायाच्या गतीची गोष्ट निराळी.

या निवाड्यातून कार्यकर्त्यांनी उचलण्याजोगी बाब मोठ्या पक्षांच्या हारजितीत नाही. सरकारी कार्यालयातील यंत्र सरकारच्या ताब्यात, त्याचा क्रमांक सरकारला ठाऊक, प्रमाणपत्रावर सही करणारा हात सरकारी. आणि पुराव्याची गरज मात्र बहुधा त्याच सरकारविरुद्ध तक्रार करणाऱ्या नागरिकाला. हा सौदा मुळातच विषम आहे. तेव्हा नागरिकाने निदान आपल्या बाजूचा रकाना तरी कोरा ठेवता कामा नये.

हा मॅक क्रमांक आहे तरी काय? केदारखेड्यातला माणूस गावात नावाने आणि आळीने ओळखला जातो. गावाबाहेरून येणाऱ्या पत्रावर मात्र मु. पो. केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना असा पत्ता लागतो. यंत्रांच्या जगातही अशाच दोन ओळखी आहेत. इंटरनेटवर दूरवर धावणारा तो आयपी पत्ता, तो मु. पो. सारखा, जागा बदलली की बदलणारा. आणि एकाच वाय-फायच्या किंवा एकाच तारेच्या जाळ्यातील यंत्रे परस्परांना ज्या खुणेने हाक मारतात तो मॅक क्रमांक, कारखान्यातच यंत्राच्या सुट्या भागात भरलेला. ही खूण गावच्या वेशीबाहेर जात नाही. घरातल्या राऊटरपर्यंत ती पोहोचते. पलीकडच्या संकेतस्थळाला फक्त आयपी पत्ता दिसतो. 'तुमच्या मॅकवरून दिल्लीत बसून तुम्हाला पकडू' अशी जी धमकी अधूनमधून ऐकू येते, तिच्यात सरसकट तथ्य नाही ते याच कारणाने.

खूण बारा अक्षरांची असते. शून्य ते नऊ हे अंक आणि रोमन लिपीतील ए ते एफ ही सहा अक्षरे, अशा सोळा चिन्हांतून बारा जागा भरतात. त्यातून सुमारे २८१ लाख कोटी वेगवेगळे क्रमांक तयार होऊ शकतात. पहिली सहा अक्षरे कंपनीची, उरलेली सहा त्या कंपनीने त्या नगाला दिलेली. १९८० साली झेरॉक्स, डिजिटल आणि इंटेल या तीन अमेरिकी कंपन्यांनी इथरनेटचे मानक प्रसिद्ध केले, त्यातून ही पद्धत रूढ झाली. सुरुवातीला क्रमांकवाटप झेरॉक्सकडे होते; पुढे ते अमेरिकेतच मुख्यालय असलेल्या आयट्रिपल-ई या अभियंत्यांच्या संस्थेकडे आले. जगातील कोणत्याही कारखान्याला क्रमांकांचा गट हवा असेल तर तो तेथून डॉलर मोजून घ्यावा लागतो. योगायोग असा की गोठ्यातल्या गायीच्या कानात अडकविलेल्या पिवळ्या बिल्ल्यावरही बाराच अंक असतात, आणि २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावापासून वाटप सुरू झालेल्या आधार क्रमांकातही बाराच. जनावर, माणूस आणि यंत्र बारा घरांत बसवून झाले आहेत! फरक एवढाच, की पहिले दोन क्रमांक गावकऱ्याला ठाऊक असतात आणि तिसरा त्याच्या खिशात असूनही ठाऊक नसतो.

तो शोधणे अवघड नाही. विंडोज प्रणालीच्या संगणकावर शोधाच्या चौकटीत 'सीएमडी' टाइप केले की काळी खिडकी उघडते. तीत 'आयपीकॉन्फिग', मग एक जागा सोडून तिरकी रेघ आणि 'ऑल' हे शब्द रोमन लिपीत लिहिले की एक लांबलचक यादी येते. त्या यादीत 'फिजिकल ॲड्रेस' या शब्दांपुढे दोन-दोन अक्षरांच्या सहा जोड्या दिसतात. तोच हा क्रमांक. एका संगणकात असे दोन-तीन क्रमांक आढळले तर गोंधळू नये. तारेच्या जोडणीचा निराळा, वाय-फायचा निराळा आणि ब्लूटूथचा निराळा असतो, आणि कोणता कशाचा ते यादीतच लिहिलेले असते. अँड्रॉइड फोनवर 'सेटिंग्ज'मध्ये जाऊन 'अबाउट फोन', म्हणजे मराठीत ठेवलेल्या फोनवर 'फोनबद्दल', हा भाग उघडावा. काही फोनांत तेथेच, काहींत आत 'स्टेटस'खाली वाय-फायचा मॅक पत्ता असतो. वाय-फाय एकदा चालू केल्याशिवाय तो काही वेळा दिसत नाही. आयफोनवर 'जनरल'मधील 'अबाउट'खाली 'वाय-फाय ॲड्रेस' पाहावा. राऊटर, कॅमेऱ्यांचे चित्रण साठविणारा डबा, छपाईयंत्र यांच्या पाठीवर वा तळाशी चिकटविलेल्या कागदावर तो बहुधा छापलेलाच असतो.

पुष्कळ जण येथे एक चूक करतात. फोनवर तारा, चौकट, शून्य, सहा, चौकट ही बटणे दाबून जो पंधरा अंकी क्रमांक येतो तो आयएमईआय. तो मोबाईल कंपनीच्या मनोऱ्याशी बोलण्यासाठी असतो आणि दोन सिमकार्डांच्या फोनात दोन असतात. मॅक त्याहून वेगळा. फोनवरील चित्रणाच्या प्रमाणपत्रात आयएमईआय उपयोगी पडतो. संगणकाला किंवा कॅमेऱ्याच्या डब्याला मात्र सामान्यतः आयएमईआय नसतोच. तेथे अनुक्रमांक आणि मॅक यांवरच भिस्त.

दुसरी अडचण नवी आहे. ॲपलने २०१४ पासून टप्प्याटप्प्याने आणि गूगलने २०१९ च्या अँड्रॉइड १० पासून फोनला प्रत्येक वाय-फायपुढे बनावट मॅक धरण्याची सवय लावली आहे. दुकाने, विमानतळ, रस्त्यावरचे खांब येणाऱ्याजाणाऱ्यांचे क्रमांक टिपून त्यांच्या हालचालींचा माग काढू लागले होते. लंडनच्या व्यापारी भागात तर २०१३ साली कचरापेट्यांत हे टिपण्याची यंत्रे बसविली होती आणि नगरप्रशासनाला ती बंद करावयास सांगावे लागले. तेव्हा बनावट क्रमांक हा माणसाच्या हिताचाच. परंतु वाय-फायच्या तपशिलात दिसणारा क्रमांक प्रमाणपत्रात लिहिला, तर तो यंत्राचा खरा क्रमांक नसण्याचा संभव असतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: बारापैकी दुसरे अक्षर २, ६, ए किंवा ई असेल तर तो क्रमांक कारखान्याने दिलेला नाही, यंत्राने स्वतः घडविलेला आहे.

येथून प्रश्न तांत्रिक राहत नाही. जो क्रमांक फोन स्वतःहून बदलतो आणि संगणकावर जाणकार माणूस चार कळा दाबून बदलू शकतो, त्याला माणसाच्या ओळखीचे प्रमाण मानावे काय? अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ या तरुणाने २०१० साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या जाळ्यातून जेस्टोर या संग्रहातील लाखो विद्वत्‌लेख उतरवून घेतले. संस्थेने त्याच्या संगणकाचा क्रमांक अडविला तेव्हा त्याने तो बदलला. २०११ च्या आरोपपत्रात हा क्रमांकबदल त्याच्या कपटी हेतूची खूण म्हणून मांडला गेला. जानेवारी २०१३ मध्ये सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली आणि खटला मागे घेण्यात आला. पुढच्याच वर्षी जगातील एका बलाढ्य कंपनीने हेच क्रमांकबदलाचे तंत्र ग्राहकाच्या सोयीची गोष्ट म्हणून बाजारात आणले. एकाने केले तर कपट, कंपनीने केले तर सुविधा. भांडवलशाहीच्या शब्दकोशात अर्थ असेच ठरतात.

क्रमांक एकमेव असतो हेही पूर्ण सत्य नव्हे. २०२० साली मेरठच्या पोलिसांना एकाच आयएमईआय क्रमांकावर देशभर तेरा हजारांहून अधिक फोन चालू असल्याचे आढळले होते. आयएमईआयच्या नोंदींवर सरकारची करडी नजर असताना ही स्थिती. मॅकवर तर तेवढीही नजर नाही.

आणि क्रमांक खरा व एकमेव असला तरी तो यंत्राचा असतो. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेतील बॉम्बस्फोटांच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांना एक ई-मेल गेला. तपासयंत्रणा आयपी पत्त्याचा माग काढीत नवी मुंबईतील सानपाड्याच्या एका घरी पोहोचल्या. तेथे एक अमेरिकी गृहस्थ राहत होते. त्यांच्या वाय-फायला कुलूप नव्हते. बाहेरच्या कोणीतरी ते वापरले होते. त्यांची चौकशी झाली, संगणक तपासले गेले, आरोप ठेवला गेला नाही. त्यानंतर असेच ई-मेल माटुंग्याच्या खालसा महाविद्यालयाच्या आणि चेंबूरच्या एका कार्यालयाच्या वाय-फायवरून गेले. पत्ता खरा, पण कर्ता दुसराच, हे तीनदा दिसून आले. फेब्रुवारी २००९ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने सार्वजनिक वाय-फाय वापरणाऱ्याची ओळख पटविण्याचे नियम घातले ते या घटनांनंतर. सानपाड्याच्या गृहस्थांच्या पाठीशी एका महासत्तेचे पारपत्र होते. उद्या अशीच खूण ऊसतोडीला गेलेल्या एखाद्या मजुराच्या, किंवा भोकरदनच्या बाजारात जुना फोन विकत घेतलेल्या शेतमजूर स्त्रीच्या यंत्रापाशी येऊन थांबली, तर तिच्या पाठीशी कोण उभे राहणार? खेड्यातल्या घरी फोन एक आणि वापरणारे पाच असतात. बाप त्यावर ई-पीक पाहणी करतो, आई रोजगार हमीच्या हजेरीचा निरोप पाहते, मुलगा अभ्यास करतो, शेजारी येऊन गावाकडच्या नातलगांशी बोलतो. अशा घरात यंत्राचा क्रमांक म्हणजे माणसाचा क्रमांक हे समीकरण सरळ सरळ अन्यायाचे ठरते. तपास अधिकाऱ्याने क्रमांक दाखविला तर त्या वेळी यंत्र कोणाच्या हातात होते हे स्वतंत्रपणे सिद्ध करावयास त्यास लावले पाहिजे, आणि हा आग्रह कार्यकर्त्याने पंचनाम्याच्या वेळीच धरला पाहिजे. जप्त यंत्राचा मॅक व अनुक्रमांक पंचनाम्यात लिहून त्याची प्रत मालकाला मिळाली की पुढे यंत्राची अदलाबदल करणे कठीण होते. क्रमांक वाचता येणारा पंच गावात एक जरी असला तरी पुष्कळ फरक पडेल.

नव्या नमुन्याच्या दुसऱ्या भागाबद्दल मात्र तक्रार करावीच लागेल. तेथे तज्ज्ञाची सही हवी. शहरातील मोठी कंपनी तज्ज्ञ पदरी बाळगू शकते; वाळूच्या ठेकेदारालाही तो परवडेल. केदारखेड्याच्या तरुणाने तो कोठून आणावा आणि त्याची फी कशातून द्यावी? सातबाराच्या उताऱ्यासाठी तलाठी असतो, जखमेच्या दाखल्यासाठी सरकारी वैद्यकीय अधिकारी असतो. मोबाईलमधल्या पुराव्यासाठी तसा कोणी असू नये हे कायदा करणाऱ्यांच्या दृष्टीचे लक्षण आहे. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे तालुका पातळीवर विधी सेवा समित्या आहेत. त्यांच्यामार्फत गरीब अर्जदारास असा तज्ज्ञ विनामूल्य उपलब्ध करून द्यावा, ही मागणी भोकरदनपासून सुरू होण्यास काहीच हरकत नाही.

सरकारी कॅमेऱ्यांच्या चित्रणाबाबत जालन्याच्या खटल्याची वाट उपयोगी आहे. रेशन दुकान असो, पंचायत समिती असो वा पोलीस ठाणे, तेथील चित्रण हवे असल्यास माहितीच्या अधिकारातील अर्ज त्याच आठवड्यात करावा, कारण डबा भरला की जुने चित्रण पुसून त्यावर नवे बसते. अर्जात चित्रणासोबत कलम ६३ चे प्रमाणपत्र आणि चित्रण साठविणाऱ्या यंत्राचा अनुक्रमांक व मॅक या गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात. बहुधा नकार येईल, किंवा उत्तरच येणार नाही. तो नकार आणि अर्जाची पोच जपून ठेवावी. जालन्याच्या अर्जदाराला सर्वोच्च न्यायालयात त्याच कागदांनी तारले. स्वतःच्या फोनवर चित्रण केले असेल तर मूळ प्रत त्याच फोनवर राहू द्यावी, फोन विकू नये, दुरुस्तीच्या निमित्ताने कोरा करून घेऊ नये. फोनचा कारखान्यातला मॅक आणि दोन्ही आयएमईआय त्याच दिवशी, तारखेनिशी, एका वहीत लिहून खाली दोघांच्या सह्या घ्याव्यात, कारण निकाल लागेपर्यंत तो फोन चालू राहीलच याची खात्री कोणी देऊ शकत नाही.